शिक्का नसलेला कागद बाहेर गेला तर? सरकारी माहिती फोडण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी नोकरीत माझी तीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी आस्थापना शाखेत. कुणाला 'कारणे दाखवा' द्यायची, कुणाची विभागीय चौकशी लावायची, हे कागद माझ्या टेबलावरून जायचे. निवृत्त झालो तरी फोन थांबलेले नाहीत. "साहेब, कागद गोपनीय नव्हता, तरी नोटीस आलीय," हा त्यातला नेहमीचा. तीच तीच उत्तरं फोनवर देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. कायदा आहे तिथे कायदा सांगितलाय, बाकीचं मत माझं.

कागदावर 'गोपनीय' असं लिहिलेलं नसेल तर तो कुणालाही दाखवता येतो ना?

नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये शिक्क्याला काडीची किंमत नाही. शासनाचा सर्वसाधारण किंवा विशेष आदेश असेल, किंवा नेमून दिलेलं काम तुम्ही सद्भावनेने करत असाल, तरच शासकीय कागद, त्याचा भाग किंवा त्यातली माहिती दुसऱ्याला देता येते. या 'दुसऱ्या'त सरकारी कर्मचारीही आला. शेजारच्या शाखेतल्या मित्राला "तुझ्या बदलीची फाईल उपसचिवांकडे गेलीय" एवढं सांगणं, शब्दशः घेतलं तर, नियमभंगच. हा भंग रोज दुपारी चहाच्या टपरीवर होतो आणि त्याबद्दल कुणालाही नोटीस जात नाही.

मेख इथेच आहे. जाळं इतकं मोठं की त्यात सगळेच सापडतात, आणि मग कुणाला ओढून बाहेर काढायचं ते साहेबाच्या मर्जीवर राहतं.

केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत २००५ साली थोडी उलटापालट झाली. तिथला नियम ११ आता 'माहिती अधिकार कायद्यानुसार सद्भावनेने माहिती द्यावी' असा सुरू होतो आणि मनाई खाली परंतुकात, म्हणजे 'मात्र'ने सुरू होणाऱ्या अटीत, येते. वाक्यांची जागा बदलली म्हणून कार्यालयाची सवय बदलत नाही. पण केंद्राच्या नोकरीत असाल तर चौकशीत बचाव लिहिताना तो क्रम दाखवायला विसरू नका.

हा नियमभंग झाला. पण फौजदारी गुन्हा आहे का?

होऊ शकतो, आणि माझं भांडण नेमकं याच्याशी आहे.

शासकीय गुपिते अधिनियम हा १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला. त्याच्या कलम ५ खाली पदामुळे हाती आलेला किंवा विश्वासाने सोपवलेला कागद अनधिकृत माणसाला दिला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 'गुप्त' म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात कुठेही नाही. कलम ३ मधल्या तशाच शब्दांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, गुजरातमधून आलेल्या एका प्रकरणात, सांगितलं की 'गुप्त' हे विशेषण सांकेतिक खुणा आणि परवलीच्या शब्दांपुरतं आहे. नकाशा, टिपणी, दस्तऐवज यांना ते लागू नाही.

ज्या इंग्रजांनी हा कायदा आपल्याला दिला त्यांनी स्वतः काय केलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांचा कायदा १९११ चा. त्याच्या कलम २ मध्ये सरकारी कचेरीतली कुठलीही चिठ्ठी बसायची. १९८४ मध्ये क्लाईव्ह पाँटिंग या संरक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याने 'जनरल बेलग्रानो' हे अर्जेंटिनाचं जहाज बुडवण्यासंबंधीचे कागद एका खासदाराकडे पाठवले. खटला झाला. न्यायाधीशांचा रोख उघडपणे त्याच्याविरुद्ध होता, तरी फेब्रुवारी १९८५ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. पुढे १९८९ च्या कायद्याने ते सर्वभक्षी कलम गेलं. गुप्तहेर खातं, संरक्षण, परराष्ट्र संबंध, गुन्ह्यांचा तपास अशा मोजक्या विषयांपुरतीच फौजदारी जबाबदारी उरली, बाकीचं खात्याच्या शिस्तीवर सोडलं. म्हणजे मालकाने कुलूप बदललं, आपण जुनीच किल्ली जपून ठेवलीय.

वीरप्पा मोईलींच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने जून २००६ मध्ये हा कायदा रद्द करावा आणि राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात त्यासाठी एक प्रकरण घालावं असं सुचवलं होतं. मंत्र्यांना गोपनीयतेऐवजी पारदर्शकतेची शपथ द्यावी, असंही त्या अहवालात आहे. मंत्री अजून गोपनीयतेचीच शपथ घेतात आणि १९२३ चा कायदाही जागेवर आहे.

आणि उलट? 'गोपनीय' असं लिहिलंय म्हणजे कागद खरोखर गोपनीय असतो का?

जेवणाच्या सुट्टीची वेळ बदलण्याच्या टिपणीवर 'गोपनीय' लिहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. का, तर संघटनेला आधी कळू नये म्हणून. कळायचं ते कळलंच, शिपायाने सांगितलं.

न्यायालयंही शिक्क्याला भुलत नाहीत. १९९९ मध्ये निर्गुंतवणुकीविषयीची मंत्रिमंडळाची टिपणी छापली म्हणून एका आर्थिक पत्रकारावर या कायद्याखाली खटला भरला गेला. २००९ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केलं. नुसतं 'गुप्त' असं लिहिल्याने कागद या कायद्याखाली येत नाही, असं कारण दिलं. दहा वर्षं गेली मधे.

त्याहून वाईट प्रकरण इफ्तिखार गिलानी या पत्रकाराचं. जून २००२ मध्ये त्यांना अटक झाली. संगणकात काश्मीरमधल्या सैन्याच्या तैनातीची माहिती सापडली म्हणून. ती माहिती आधीच प्रसिद्ध झालेली होती, इंटरनेटवर उपलब्ध होती. सात महिने तिहारमध्ये काढल्यावर जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. ते सरकारी नोकर नव्हते, पण उघड्या माहितीला गुपित म्हणण्याची खोड कुठवर जाते ते त्यांच्यावरून कळतं.

माहिती अधिकारात जो कागद दहा रुपयांत मिळतो, तोच मी दिला तर शिक्षा का?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे.

एकाच कार्यालयात दोन माणसं घ्या. जन माहिती अधिकारी तुमचा अर्ज दाबून बसला. कायद्यात मुदत ३० दिवसांची. फार तर काय होईल? कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड. तोही माहिती आयोगाने केला तर, आणि आयोगाकडे तुमचा नंबर लागला तर. दुसरीकडे त्याच शाखेतल्या लिपिकाने तोच कागद तुम्हाला दुसऱ्या दिवशी दिला. त्याला निलंबन, चौकशी, वेतनवाढ बंद, आणि कुणाच्या मनात आलंच तर १९२३ चा कायदा. माहिती दडवणारा पंचवीस हजारांत सुटतो, देणाऱ्याची नोकरी टांगणीला लागते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २२ नुसार तो कायदा गुपितांच्या कायद्यावर मात करतो. पण कलम २१ चं सद्भावनेचं संरक्षण त्या कायद्याखाली केलेल्या कृतीलाच आहे. लिपिकाने अर्जाशिवाय, बाजूने दिलेल्या कागदाला ती ढाल पुरत नाही.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे: रीतसर अर्ज केला असता तर हा कागद मिळाला असता का? उत्तर 'हो' असेल तर ठपक्यापलीकडे काही होता कामा नये.

"मग ठपका तरी कशाला?" असं एका भाच्याने विचारलं होतं. सांगतो. फाईलला दोन बाजू असतात, टिपणीची आणि पत्रव्यवहाराची. फोडणारा माणूस पूर्ण फाईल कधीच देत नाही. तो कनिष्ठाने घेतलेल्या हरकतीचं पान देतो, आणि त्या हरकतीला मिळालेलं समाधानकारक उत्तर तीन पानं पुढे असतं, ते देत नाही. एका चांगल्या अभियंत्याला अशा अर्ध्या पानापायी दोन वर्षं तोंड लपवून काढताना मी पाहिलंय. माहिती अधिकारातून गेलेल्या कागदाची नोंद राहते, काय दिलं आणि काय झाकलं ते दिसतं. बाजूने गेलेल्या कागदाला आगापीछा नसतो.

हेही खरं की पुढचं दार अरुंद केलं की मागच्या दाराने ये-जा वाढते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहितीच नाकारता यायची, आता 'वैयक्तिक माहिती' एवढंच कारण पुरतं. कलम ८(२) मधली व्यापक लोकहिताची तरतूद शाबूत आहे, पण ती वापरणारा अधिकारी भेटायला नशीब लागतं.

म्हणजे तुमच्या मते कुणालाच मोठी शिक्षा नको?

असं मी कुठे म्हटलं? शिक्का नसलेल्या काही कागदांपायी तुरुंगच व्हायला हवा, आणि तशी तरतूदही आहे.

बलात्कार पीडितेचं नाव. एफआयआरच्या प्रतीवर 'गोपनीय' लिहिलेलं नसतं, पण ती ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. पोलीस ठाण्यातून ती प्रत व्हॉट्सॲपवर गेली तर "शिक्का नव्हता" हा बचाव ऐकूनसुद्धा घेऊ नये. रुग्णालयातल्या नोंदी, एचआयव्हीची तपासणी, कुणाचे कॉल रेकॉर्ड, हे सगळं त्याच माळेतलं.

भरतीचा पेपर. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला तेव्हा पुणे पोलिसांनी खात्यातल्याच अधिकाऱ्यांना अटक केली. कुंपणानेच शेत खाल्लं. २०२४ च्या केंद्रीय कायद्याने आता पेपरफुटीला तीन ते पाच वर्षं, आणि संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान एक कोटी दंड ठेवला आहे. तो केंद्राच्या परीक्षांसाठी आहे, पण रोख बरोबर आहे.

निविदा उघडण्याआधीचे दर. रस्त्याची आखणी, विकास आराखड्यातली आरक्षणं. आखणी जाहीर होते तेव्हा वाटेतले सातबारे आधीच नव्या नावांवर चढलेले असतात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. या नकाशावर देशाच्या सुरक्षेचं काहीही नसतं. पण त्याच्या एका झेरॉक्सने शेतकऱ्याची जमीन कवडीमोलाने जाते आणि दुसऱ्याचं घर भरतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये दिल्लीच्या शास्त्री भवनातून पेट्रोलियम मंत्रालयाचे कागद चोरून विकल्याचं प्रकरण निघालं, तोही याच जातीचा धंदा. पैसे घेतले असतील तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहेच, गुपितांच्या कायद्याची गरजही नाही.

मी तीन गोष्टी विचारतो. कुणाचं नुकसान झालं, कुणाचा फायदा झाला, आणि फोडणाऱ्याच्या खिशात काय आलं. शिक्क्याचं त्यानंतर बघू.

चौकशी लागली तर कुठली शिक्षा होऊ शकते?

शिस्त व अपील नियम, १९७९ मध्ये उतरंड आहे. ठपका, बढती रोखणं, वेतनातून वसुली, वेतनवाढ रोखणं या किरकोळ शिक्षा. पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं, बडतर्फी या जबर. यातला शेवटचा फरक लक्षात ठेवा: काढून टाकलेल्याला पुन्हा सरकारी नोकरी मिळू शकते, बडतर्फ झालेल्याला सहसा नाही. जबर शिक्षेआधी दोषारोपपत्र, साक्षी, उलटतपासणी हे सगळं झालंच पाहिजे, राज्यघटनेचा अनुच्छेद ३११ तुमच्या पाठीशी आहे. निलंबन ही शिक्षा नाही, असं कागदोपत्री म्हणतात. अर्ध्या पगारावर घर चालवून बघा म्हणजे कळेल. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे ताणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितलंय, आणि आपल्या शासनाचा ९ जुलै २०१९ चा जीआरही त्यावरच आहे. त्यापुढे अपील, मग मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण.

मंत्री आणि मोठे साहेब पत्रकारांना रोज माहिती देतात. ते चालतं?

त्याला 'विश्वसनीय सूत्रं' म्हणतात. खालच्याने तेच केलं की 'फितुरी'.

मंत्रिमंडळाच्या बैठकीआधीच्या संध्याकाळी कुठल्या विषयाची बातमी येणार हे ठरवून होतं. कधी लोकांचा कल बघायला, कधी सहकाऱ्याचा प्रस्ताव पाडायला. यावर कधी चौकशी झालेली मला आठवत नाही. आणि चौकशी झालीच तर तिचं काय होतं, त्याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलीस बदल्यांविषयीच्या गुप्तवार्ता विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन पत्रकार परिषद घेतली. विभागाने अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी फडणवीसांचा जबाब घरी जाऊन घेतला. त्याच वर्षी सरकार बदललं आणि तपास सीबीआयकडे गेला. कोण बरोबर, कोण चूक यात मी शिरत नाही. त्या अहवालात जे होतं ते बदल्यांतल्या दलालीबद्दल होतं, आणि त्या दलालीपेक्षा जास्त चर्चा अहवाल कुणी फोडला याचीच झाली.

अमेरिकेत म्हणे अशा माणसाला कोर्टाने वाचवलं. काय प्रकरण होतं?

रॉबर्ट मॅक्लीन. विमानात साध्या वेशात बसणारा सुरक्षारक्षक, तिथे एअर मार्शल म्हणतात. जुलै २००३ मध्ये त्यांना लांबच्या विमानांच्या अपहरणाच्या कटाचा इशारा मिळाला आणि काही दिवसांतच साध्या मोबाईल संदेशाने कळवलं गेलं की रात्रीचा मुक्काम लागणाऱ्या त्यांच्या ड्युटीच्या फेऱ्या रद्द. कारण हॉटेलचा खर्च वाचवायचा होता! मॅक्लीनने वरिष्ठांना सांगितलं, काही झालं नाही. मग पत्रकाराला सांगितलं. बातमी आली, खासदार भडकले, दुसऱ्या दिवसापर्यंत आदेश मागे.

त्या संदेशावर कुठलाही शिक्का नव्हता. तरी २००६ मध्ये त्याला काढलं, आणि तो संदेश 'संवेदनशील' होता हे ठरवणारा आदेश त्याला काढून झाल्यावर निघाला. आधी फाशी, मग आरोप. जानेवारी २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन असा निकाल त्याच्या बाजूने दिला. मुद्दा बारीक पण मोलाचा होता: कायद्याने स्पष्ट मनाई असेल तरच जागल्याचं, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्याचं, संरक्षण जातं, आणि खात्याने स्वतः केलेला नियम म्हणजे कायदा नव्हे. खात्याचा नियम पुरेसा धरला असता तर प्रत्येक खात्याने आपल्या चुका झाकायला एकेक नियम करून ठेवला असता.

आपले वर्तणूक नियमही सरकारने स्वतःसाठी केलेलेच आहेत. इथे असा युक्तिवाद चालेल का? जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे अमलात असता तर चालवून बघता आला असता.

मला भ्रष्टाचार दिसतोय. कागद पत्रकाराला देऊ का?

थांबा, आधी सत्येंद्र दुबेंची गोष्ट वाचा. आयआयटी कानपूरचा हा अभियंता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होता, झारखंडमध्ये सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर. २००२ मध्ये त्याने कंत्राटातल्या गैरव्यवहाराबद्दल थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं, आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट खालपर्यंत फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याचा खून झाला. सीबीआयने तो लुटीच्या प्रयत्नातला ठरवला, २०१० मध्ये पाटण्याच्या न्यायालयाने तिघांना शिक्षाही केली. पण पत्रातलं नाव उघडं पडणं, हीसुद्धा सरकारी माहिती फुटणंच होतं ना?

त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी घेण्याचा अधिकार दिला. बंद लिफाफा, त्यावर लोकहितार्थ तक्रार असा उल्लेख, तुमचं नाव आतल्या पत्रात, लिफाफ्यावर नाही. निनावी तक्रार घेत नाहीत. ही सोय केंद्र सरकार आणि त्याच्या उपक्रमांपुरती. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना काही निघालेली नाही.

राज्यात लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४ वर फोन. गैरकारभार असेल तर लोकायुक्त. आणि एक व्यवहारी सल्ला, आस्थापनेतल्या अनुभवावरून: आधी वरिष्ठाला लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. पुढे काहीही झालं तरी "याने आधी घरात सांगितलं होतं" एवढं त्या क्रमांकावरून सिद्ध होतं. पत्रकार हा शेवटचा दरवाजा. तो ठोठवायचा असेल तर पूर्ण फाईल वाचून, आणि त्यात कुणा तिऱ्हाइताचं खाजगी नाही ना हे बघून.

कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं पत्र पुढे पाठवलं. त्यात काय एवढं?

जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यमांच्या वापराबद्दल जीआर काढलाय, त्यात मंजुरीशिवाय गोपनीय कागद टाकण्याला मनाई आहे. कंत्राटी कर्मचारीही त्यात आले. पण खरी अडचण वेगळी. फोटोत टेबलाचा कोपरा येतो, कुणाच्या पेनाचा शेरा येतो, आणि कागद कुठल्या डेस्कवरून निघाला ते शाखेतला कुणीही सांगतो.

छापणाऱ्या पत्रकारालाही शिक्षा होते का?

राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीचे कागद वर्तमानपत्रात छापून आले, त्या प्रकरणात सरकारने मार्च २०१९ मध्ये कागद चोरीला गेले असं न्यायालयात सांगितलं, मग दोन दिवसांनी मूळ नव्हे तर झेरॉक्स, असा खुलासा आला. १० एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने, ते कागद विचारात घेऊ नयेत ही सरकारची हरकत फेटाळली. असे कागद छापायला बंदी घालण्याचा अधिकार देणारा कुठलाही कायदा संसदेने केलेला नाही, असं निकालात आहे. छापल्यावर खटला भरायला मात्र मोकळीक आहे, हे निर्गुंतवणुकीची टिपणी छापणाऱ्या पत्रकाराच्या दहा वर्षांवरून दिसलंच.

निवृत्तीनंतर तरी बोलता येतं ना?

बऱ्यापैकी. गुपितांचा कायदा तुम्ही घरी बसलात तरी सुटत नाही. पण विभागीय चौकशीचं म्हणाल, तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ च्या नियम २७ नुसार निवृत्तीनंतर नव्याने चौकशी लावायची असेल तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्या केंद्राच्या अधिकाऱ्यांना मात्र २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या संस्थेच्या कामाविषयी लिहायला आधी परवानगी लागते, नाहीतर पेन्शनवर गदा.

आमची शाखा त्या गुप्तचर-सुरक्षा संस्थांत नाही. जेवणाच्या सुट्टीच्या टिपणीलाही चार वर्षं केव्हाच होऊन गेली, ते मोजूनच वर लिहिलंय.